आजोबांची ट्रंक आणि १८८३ची दोन पुस्तकं

हे आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लेखी रूप. पिंपळगाव बसवंतहून, म्हणजे कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या गावाहून मी बोलतोय. आजचा विषय ऐकताना काही जण आवाज कमी करतील, काही जण हेडफोन शोधतील. खुशाल शोधा. पण शेवटपर्यंत ऐका, कारण गोष्ट चावट पुस्तकांपासून सुरू होते आणि पोचते एका अगदी साध्या कामापर्यंत : यादी करणं.

तर १८८३ साल घ्या. त्या एका वर्षात दोन पुस्तकं निघाली. पहिलं आपल्या जिल्ह्याचं. मुंबई इलाख्याच्या सरकारी गॅझेटियरचा सोळावा खंड, नाशिक. जेम्स कॅम्पबेल हे त्याचे संपादक. आपल्याकडे कुणी गावाचा इतिहास लिहायला बसलं, की फिरून फिरून याच खंडापाशी येतं. पिकं, नद्या, बाजार, घाट, देवळं, सगळं त्यात आहे. त्यातलं एक मोठं प्रकरण आहे पांडवलेण्यांवर. २४ लेणी, त्यांतले शिलालेख, सातवाहन राजे, गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री. ते प्रकरण ज्यांच्या अभ्यासावर उभं आहे त्यांचं नाव गॅझेटियरमध्ये स्पष्ट छापलंय : पंडित भगवानलाल इंद्रजी.

दुसरं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. वात्स्यायनाच्या कामसूत्राचं पहिलं इंग्रजी भाषांतर. आतल्या पानावर 'हिंदू कामशास्त्र सोसायटी' असं एका संस्थेचं नाव, लंडन आणि बनारस अशी दोन शहरं, आणि फक्त खासगी वितरणासाठी अशी सूचना. भाषांतरकाराचं नाव? नाहीच.

आणि त्या पुस्तकामागे राबलेला एक माणूस कोण होता माहितीये? हेच भगवानलाल इंद्रजी!

म्हणजे बघा, वर्ष एक, विद्वान एक. लेण्यांवर लिहिलं तेव्हा नाव छापलं, कामशास्त्रावर काम केलं तेव्हा नाव गायब.

हे भगवानलाल मूळचे जुनागढचे, जन्म १८३९चा. मुंबईत आले आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करू लागले. भाऊ दाजींचं नाव तुम्ही ऐकलं असेल, राणीच्या बागेतल्या संग्रहालयाला आज त्यांचंच नाव आहे. भाऊ दाजींसाठी भगवानलालांनी देशभर भटकंती केली, शिलालेखांचे ठसे घेतले, नाणी गोळा केली. १८८२मध्ये नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप खणून काढण्यात तेच पुढे होते. १८८८मध्ये ते गेले. मथुरेचा प्रसिद्ध सिंहस्तंभशीर्ष आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, तो त्यांच्याच संग्रहातून तिथे गेला. एवढा मोठा माणूस.

आता कामसूत्राकडे येऊ. फॉस्टर फिट्झजेरल्ड आर्बथनॉट नावाचा इंग्रज अधिकारी मुंबईचा कलेक्टर होता. त्याचा दोस्त रिचर्ड बर्टन, तोच तो अरेबियन नाइट्सवाला. या दोघांना आधी 'अनंगरंग' हा कल्याणमल्लाचा ग्रंथ इंग्रजीत आणायचा होता. १८७३मध्ये छपाई सुरूही झाली, पण मजकूर वाचून छापखानेवाले घाबरले. चार-सहा प्रती निघाल्या आणि काम थांबलं. त्या ग्रंथात सारखा वात्स्यायनाचा हवाला येत होता. साहेबांनी पंडितांना विचारलं, हा कोण? पंडित म्हणाले, या विषयातला मुख्य ग्रंथ त्याचाच.

मग शोध सुरू झाला. मुंबईत मिळालेली पोथी सदोष निघाली. बनारस, कलकत्ता, जयपूर इथल्या ग्रंथसंग्रहांना पत्रं गेली, तिथून प्रती आल्या. चार पोथ्या शेजारी शेजारी ठेवून, 'जयमंगला' टीकेचा आधार घेऊन पाठ ठरवला गेला. एका प्रतीत शब्द चुकलाय, दुसरीत ओळ गळलीय, तिसरीत वाळवीनं अर्धं पान खाल्लंय, असलं हे काम. डोळे फोडणारं. १८८३च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत या कामाबद्दल मुख्य पंडितांचं निवेदनसुद्धा आहे. अडचणी कुठे आल्या, कुठला भाग किती भरवशाचा, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलंय. फक्त 'मुख्य पंडित' म्हणजे कोण, ते तिथे कळत नाही.

नावं लपवायला कारण होतं, हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये १८५७पासून अश्लील प्रकाशनांविरुद्ध कडक कायदा होता. म्हणून बर्टन आणि आर्बथनॉट यांनीही नावं झाकली. अनंगरंगवर तर त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून टाकली होती. म्हणजे भीती सगळ्यांनाच होती. पण पुढे काय झालं ते बघा. कायदे सैल झाले, १९६०च्या दशकात हे पुस्तक उघडपणे विकायला आलं आणि जगभर 'बर्टनचं कामसूत्र' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. साहेबाचं नाव बाहेर आलं. पंडिताचं नाव अभ्यासकांच्या तळटिपांत राहिलं.

आता मुद्द्याचा प्रश्न : पंडिताचं नाव निदान तळटिपेपर्यंत तरी पोचलं कसं?

इथे गोष्टीत येतो एक यादीवाला. हेन्री स्पेन्सर ॲशबी, लंडनचा श्रीमंत व्यापारी. बायका-मुलं, बंगला, प्रतिष्ठा, सगळं होतं. आणि होता कामुक पुस्तकांचा प्रचंड खासगी संग्रह. त्यानं नुसती पुस्तकं जमवली नाहीत, त्यांची वर्णनात्मक सूची लिहिली. १८७७, १८७९ आणि १८८५ असे तीन जाडजूड खंड. प्रत्येक पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पानं, छापण्याचं खरं ठिकाण आणि खोटं ठिकाण, चित्रं किती, कोणाची. स्वतःचं नाव मात्र त्यानंही लपवलं. टोपणनाव घेतलं पिसानुस फ्राक्सी. लॅटिनमधल्या ॲश नावाच्या झाडाच्या आणि मधमाशीच्या शब्दांची अक्षरं उलटीपालटी करून केलेलं. ॲश अधिक बी. आहे की नाही गंमत?

या ॲशबीच्या १८८५च्या खंडात कामसूत्राच्या भाषांतराची हकिकत येते. पोथ्या जुळवून संपूर्ण पाठ तयार केला तो भगवानलाल इंद्रजींनी, आणि इंग्रजीत उतरवायला हात लावला तो शिवराम परशुराम भिडे यांनी. भिडे त्या वेळी मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी होते, पुढे बडोद्याला गायकवाडांच्या नोकरीत गेले. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या कामग्रंथाच्या इंग्रजी रूपामागे एक मराठी कॉलेजवाला पोरगा आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठानं ते सांगितलं नाही. एका सूचीकारानं सांगितलं.

ॲशबी १९००मध्ये वारला. मृत्युपत्रात त्यानं सुमारे १५ हजार पुस्तकं ब्रिटिश म्युझियमला दिली. त्यात 'डॉन किहोते'वाल्या सर्वान्टेसच्या दुर्मीळ आवृत्त्या होत्या, त्यांच्यावर म्युझियमचा डोळा होता. अट एकच : घ्यायचं तर सगळं घ्या, कामुक पुस्तकांसकट. नाइलाजानं घेतलं. काही भाग नष्ट केला. उरलेली पुस्तकं 'प्रायव्हेट केस' नावाच्या बंद कपाटात गेली आणि कित्येक दशकं सर्वसाधारण सूचीत त्यांची नोंदच नव्हती. पुस्तक इमारतीत आहे, पण सूचीत नाही. म्हणजे वाचकाच्या दृष्टीनं ते नाहीच.

हे ऐकून कुणी म्हणेल, हे सगळं विलायतेचं. आपल्याकडे काय होतं?

आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत ही लाज नव्हती. संस्कृत पोथ्यांच्या याद्यांत कामशास्त्र हा वैद्यक, ज्योतिष, अलंकार यांच्यासारखाच एक विषय. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला गेओर्ग ब्यूलर या जर्मन विद्वानानं गुजरात, काठियावाड, कच्छ, सिंध आणि खानदेशातल्या खासगी ग्रंथसंग्रहांची सूची छापली. खानदेश म्हणजे आपला शेजारच. वाड्यावाड्यांतल्या पोथ्या, कुणाच्या घरी कुठली, याची ती नोंद. घरातल्या कपाटातली पोथी जगाला कळली ती अशा याद्यांमुळे.

आणि विषय तर या मातीत फार जुना. महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती हाल सातवाहनाच्या नावावर आहे. तिच्यात प्रेम, विरह, चोरटी भेट, शेतं, आणि वारंवार येणारी गोदावरी. १९५६मध्ये स. आ. जोगळेकरांनी ती मराठीत सविस्तर प्रस्तावनेसह आणली. म्हणजे शृंगार आपल्याकडे कुणी बाहेरून आणलेला नाही. पण १८९१मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात पंडित दुर्गाप्रसादांनी कामसूत्राची मूळ संस्कृत आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यावरही खासगी वितरणापुरती अशी सूचना घालावी लागली. संस्कृतात असूनही! काळ बदलला होता.

पुढे मराठीत हे कोर्टापर्यंत गेलं. र. धों. कर्वे, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून १९५३पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. पदरमोड करून. त्यांच्यावर खटले झाले. १९३४च्या खटल्यात आरोप काय, तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली. कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं ते अश्लील होत नाही, ही त्यांची भूमिका. खटला हरले. दंड २०० रुपये.

दुसरं उदाहरण १९६२च्या दिवाळीचं. 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली. मॅजिस्ट्रेटनं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं. दंड झाला २५ रुपये, पण त्याबरोबर आरोपींकडच्या अंकाच्या प्रती जप्त करून नष्ट करण्याचाही हुकूम होता. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काकोडकरांना निर्दोष ठरवलं. छान झालं. पण विचार करा, सात वर्षं खटल्याचं सावट असलेला अंक घरात कोण ठेवेल? कुणी जाळला असेल, कुणी रद्दीत घातला असेल. निर्दोष सुटण्याचा निकाल कायद्याच्या पुस्तकात सापडतो. तो अंक सापडेल का?

आणि इथेच मी पिंपळगावला येतो. आमच्या गावात एका ओळखीच्या घरी जुनी पत्र्याची ट्रंक उघडली. घरातले आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली. वरती हिशोबाच्या वह्या, खाली धोतराच्या तुकड्यात बांधलेला गठ्ठा. 'समाजस्वास्थ्य'चे सुटे अंक, जुने दिवाळी अंक, कोकशास्त्राच्या नावानं बस स्टँडवर विकली जायची तसली पुस्तिका, काही रंगीत छापील चित्रं आणि थोडे फोटो. काकूंनी मला बोलावलं आणि हळूच म्हणाल्या, "अरे, तू त्या जुन्या पुस्तकांचं करतोस ना? बघ बाबा. नाहीतर उद्या बंबात घालते. पोरं मोठी झालीत घरात."

मी म्हटलं, "काकू, बंब दोन दिवस थांबवा. आधी यादी करू."

दोन दुपारी लागल्या. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून पद्धत सांगतो. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, वहीत एक ओळ. नाव जसं छापलंय तसंच लिहायचं, शुद्धलेखन सुधारायचं नाही. मग लेखक, चित्रकार, प्रकाशक, छापखाना, छापील किंमत. साल छापलं नसेल तर 'अंदाजे' असं स्पष्ट लिहायचं. पानं किती, आकार किती सेंटिमीटर. स्थिती कशी : वाळवी, ओल, सुटलेली शिवण. मग खुणा : सही, वाचनालयाचा शिक्का, समासातली टिपणी, आत ठेवलेला कागद. शेवटी, ही वस्तू घरात कशी आली याबद्दल घरच्यांना जे ठाऊक असेल ते. वस्तूवर क्रमांक लिहायचाच असेल तर पेन्सिलीनं. चिकटपट्टी लावायची नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचं नाही, पावसाळ्यात आत ओल धरते. सुती कापड आणि वेखंड, आपल्या पोथ्या बांधायची जुनी रीत अजून चालते. 'बासनात गुंडाळणं' म्हणजे आज आपण विषय संपवणं म्हणतो, पण बासन मुळात पोथी टिकावी म्हणून होतं.

वर्णन लिहिताना एक पथ्य. 'घाण', 'गलिच्छ', 'चावट' असले शेरे नको, आणि 'अप्रतिम'सुद्धा नको. चित्रात दोन माणसं आहेत, बैठक आहे, मागे पडदा आहे, तर तेवढंच लिहा. न्याय पुढचा माणूस करेल.

एका अंकात खूण म्हणून कांद्याची पट्टी निघाली. बाजारातली, घडी घातलेली. काकू ती फेकणार होत्या. मी तिला वेगळी ओळ दिली. कारण त्या पट्टीवरून कळतं, की कर्व्यांचं मासिक पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात अडकून पडलं नव्हतं. कांदा विकून घरी येणारा माणूसही ते वाचत होता, अर्धवट राहिलेल्या पानावर खूण ठेवत होता. आजोबांच्या अंकांत पेन्सिलीच्या रेघा होत्या त्या मजकुराखाली : बाळंतपणातलं अंतर, रोग, उपाय. काकूंनी ते वाचलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सासूबाईंना दोनच मुलं कशी, ते आत्ता कळलं." हे कुठल्या ग्रंथालयात सापडणार, सांगा!

आता कायद्याचं. बरेच जण घाबरतात ते यामुळे. भारतीय दंड संहितेचं कलम २९२, जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९४, हे मुख्यतः अश्लील वस्तूची विक्री, वाटप, जाहीर प्रदर्शन आणि त्यासाठी बाळगणं याबद्दल आहे. शास्त्र, साहित्य, कला, विद्या यांसाठी त्यात अपवाद आहे, देवळांतल्या जुन्या शिल्पांनाही आहे. लहान मुलांचं लैंगिक चित्रण असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ते जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, तिथे सरळ वकिलाला गाठा. आणि कुठल्याही वस्तूचे फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. यादी घरासाठी आणि अभ्यासासाठी असते, फॉरवर्डसाठी नसते.

कागद नीट असले की काय फरक पडतो, याचं ताजं उदाहरण मुंबईचं. एका संग्राहकानं परदेशातल्या लिलावांतून फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची चार आणि अकबर पदमसी यांची तीन कामं घेतली. मुंबईत कस्टम्सनं ती अश्लील म्हणून अडवली, जुलै २०२४मध्ये जप्तीचा आदेश आणि ५० हजारांचा दंड. संग्राहक उच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२४मध्ये न्यायालयानं आदेश रद्द केला. नग्नता आहे म्हणून चित्र आपोआप अश्लील ठरत नाही, आणि जाणकारांची मतं समोर असताना अधिकाऱ्यानं ती बाजूला सारली, हे न्यायालयाला पटलं नाही. योगायोग बघा, याच पदमसींवर १९५४मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या 'लव्हर्स' चित्रावरून खटला झाला होता आणि ते सुटले होते. ७० वर्षांनी तोच प्रश्न, तेच शहर. टिकाव लागला तो चित्रकार कोण, काम कुठलं, कुठून आलं, जाणकार काय म्हणतात, हे सगळं कागदावर होतं म्हणून.

एक गोष्ट मात्र माझ्या वहीत रिकामी राहिली. ट्रंकेतल्या फोटोंमधल्या बायका. छापणाऱ्या स्टुडिओचा शिक्का एका फोटोमागे आहे, पण तिचं नाव कुठेच नाही. तिनं हे स्वखुशीनं केलं का, पैसे मिळाले का, फोटो विकला जाणार हे तिला ठाऊक होतं का? मी रकाना ठेवलाय : 'चित्रातली व्यक्ती'. समोर लिहिलंय : 'नाव नोंदलेलं नाही'. हे फोटो कुणाला दाखवायचे नाहीत, असं काकूंनी आणि मी ठरवलं. नोंद ठेवायची, फोटो झाकून ठेवायचे. दोन्ही एकदम करता येतं.

भगवानलालांचं नाव मुखपृष्ठावरून गेलं, तरी एका वहीनं ते जपलं. भिड्यांचंही जपलं. या बायकांच्या बाबतीत ती वही तेव्हा कुणी केलीच नाही. म्हणून तुमच्या घरात माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या मागे असा गठ्ठा असेल, तर लाजू नका आणि मिरवूही नका. शाळेची शंभर पानी वही घ्या, रकाने आखा आणि ठाऊक असलेली नावं आधी लिहा. आजीला, काकूला, आत्याला आजच विचारा, कारण तो शेवटचा रकाना फक्त त्याच भरू शकतात.

पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या, आणि रद्दीवाला दाराशी आला तर दोन मिनिटं गठ्ठा उघडून बघा.